कूलरचा जमाखर्च

चैत्र सरत आला की यवतमाळच्या घराघरांत एक ठरलेले काम निघते. जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला कूलर बाहेर काढला जातो. टाकीच्या तळाशी बसलेला क्षारांचा पांढरा थर खरवडला जातो, गंज धरलेल्या पत्र्याला रंगाचा हात दिला जातो, पंप बादलीत बुडवून चालतो की नाही ते पाहिले जाते आणि ताट्यांमधले काळवंडलेले गवत काढून नवे भरले जाते. बाजारात ताट्यांचे ढीग लागतात. कुठे वाळ्याचा सुगंध दरवळतो, तर कुठे लाकडाच्या कोरड्या तंतूंचा. पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, पांढरकवडा, जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या, या दिवसांतले हे चित्र सारखेच असते.

पुढचे दोन महिने पारा ४४-४५ अंशांच्या आसपास घोटाळतो. दुपारी बारा ते चार बाजार ओस पडतो. दुकानांची शटरे अर्धी खाली येतात. मालक गादीवर लवंडलेला असतो आणि मागच्या खिडकीतून कूलरची घरघर अखंड चालू असते. विदर्भातल्या व्यापारी घरात कूलर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, ती तराजू आणि तिजोरीइतकीच गरजेची झाली आहे. तरीही जी वस्तू आपण वर्षानुवर्षे वापरतो, ती नेमके काय करते याचा विचार सहसा होत नाही. कूलर थंड हवा देतो, एवढ्यावर आपले ज्ञान थांबते. तेवढ्या ज्ञानावर भागत नाही, याचा अनुभव शहरातल्या एका कुटुंबाला आला, त्याची ही हकिकत.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत धान्याच्या व्यापाऱ्याचे एक जुने घर आहे. खाली दुकान आणि गोदाम, वर राहती जागा. दुकान आता मुलगा पाहतो. आजोबा ऐंशीकडे झुकलेले. दुकानातून लक्ष काढले असले तरी लिहिण्याची सवय सुटलेली नाही. त्यांच्या उशाशी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असते. दूध किती आले, गॅसची टाकी कधी लागली, नळाला पाणी कोणत्या दिवशी आले, हे सारे त्या वहीत उतरते.

कूलरच्या पाण्याचा हिशेब त्या वहीत आला तो २०१८ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले आणि यवतमाळने टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. घरोघरी ड्रमांच्या रांगा लागल्या. तेव्हा आजोबांनी स्वतःच कूलर बंद करायला लावला. प्यायचे पाणी विकत आणायचे आणि खिडकीतून उडवून द्यायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. खिडकीला ओले गोणपाट लावून, दुपारी तळघरासारख्या गार गोदामात पोत्यांच्या आडोशाला पडून त्यांनी तो उन्हाळा काढला. पुढच्या वर्षी कूलर पुन्हा लागला, पण तेव्हापासून टाकीत पडणारी प्रत्येक दहा लिटरची बादली वहीत नोंदली जाऊ लागली. भर मे महिन्यात रोज सरासरी बारा बादल्या. जून संपता संपता तीन. दर वर्षी आकडे थोडेफार इकडे-तिकडे, पण घडण तीच.

दोन वर्षांनी पुण्यात शिकणारा नातू मे महिन्याच्या सुट्टीत घरी आला. तिकडे मित्राच्या खोलीत एसी होता. एसी लावला की दार-खिडक्या गच्च बंद करायच्या, फट राहिली तर गारवा बाहेर जातो, ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडली होती. घरी आजोबांच्या खोलीतली समोरची खिडकी आणि मागच्या गच्चीचे दार सताड उघडे पाहून त्याला राहवेना.

"आजोबा, सगळी थंड हवा बाहेर जाते आहे. वीज फुकट, पाणीही फुकट," तो म्हणाला आणि त्याने दार लावले, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत पायपुसणेही सरकवले.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग अंथरूण दमट लागू लागले. ताटलीतले पापड मऊ पडले. वहीची पाने कडेने वळली. तीनच्या सुमारास आजोबांना अस्वस्थ वाटू लागले. अंगावरचा घाम वाळेना, श्वास जड झाला. कूलर पूर्ण वेगाने फिरत होता आणि खोलीत मात्र आषाढातल्यासारखा कोंदट उकाडा दाटला होता. आजी पाणी घेऊन आत आल्या, क्षणभर उंबऱ्यात थबकल्या आणि काही न बोलता त्यांनी गच्चीचे दार उघडले, मग खिडकी उघडली. पाच-दहा मिनिटांत हवा खेळू लागली. आजोबांच्या कपाळावरचा घाम वाळला आणि त्यांनी उठून बसत पाणी मागितले.

नातू ओशाळला, घाबरलाही. त्या वयात अशा कोंडीचे परिणाम काय होऊ शकले असते, हे त्याच्या ध्यानात आले होते. संध्याकाळी त्याने वहीत त्या दिवसाच्या बादल्या मोजल्या, तर त्या सातच भरल्या. "निदान पाणी तरी वाचले," तो म्हणाला. आजोबा हसले. "अरे, पाणी वाचले असे नाही. पाणी कमी गेले, म्हणून गारवाही कमी आला. या वहीत बादल्या लिहिलेल्या नाहीत, गारवा लिहिलेला आहे."

आजोबांनी हे अनुभवावरून म्हटले होते. पण पदार्थविज्ञानाचा हिशेबही हेच सांगतो.

पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती बरीच लागते. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला जितकी उष्णता खर्ची पडते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. पाणी उकळलेच पाहिजे असेही नाही. ओले कपडे दोरीवर वाळतात, ओली फरशी कोरडी होते, तेव्हाही पाण्याची वाफच होत असते आणि तिला तेवढीच, किंबहुना किंचित जास्त उष्णता हवी असते. ती पाणी कुठून घेते? जे जवळ असेल त्याच्याकडून. अंगावरच्या घामाला ती त्वचेकडून मिळते, म्हणून घाम वाळताना अंग गार होते. माठातून पाझरलेल्या पाण्याला ती माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून मिळते, म्हणून माठ गार राहतो. उन्हाळ्यात दुकानासमोर पाणपोई ठेवणाऱ्यांना हे ठाऊक असते की माठ सावलीत हवा, पण कोपऱ्यात कोंडलेला नको. त्याला वारा लागला पाहिजे. चकचकीत रंग दिलेला माठ दिसायला छान असतो, पण त्याची छिद्रे बुजलेली असल्याने पाणी गार होत नाही.

कूलरमध्ये हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडते. खालच्या टाकीतले पाणी पंप वर चढवतो. वरच्या छिद्रांच्या नळीतून ते ताट्यांवर झिरपते. पंखा आतली हवा खोलीत ढकलतो, त्यामुळे बाहेरची तापलेली कोरडी हवा तीन बाजूंच्या ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते. ताटीतले पाणी त्या हवेची उष्णता घेऊन वाफ होते आणि हवेतच मिसळते. हवा उष्णता देते, ओलावा घेते. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर उष्णता नावे पडते आणि ओलावा जमा होतो. यात नवे काही निर्माण होत नाही. उष्णता नाहीशीही होत नाही, ती वाफेत दडून बसते.

आता आकडे पाहू. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, ती विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी असते. आजोबांच्या वहीतल्या बारा बादल्या म्हणजे १२० लिटर. त्या दिवसभरात हवेतून सुमारे ८० युनिट उष्णता काढून घेतात. पंखा आणि पंप मिळून मात्र दहा तासांत जेमतेम दोन युनिट वीज खर्च होते. दोन युनिटांत ऐंशी युनिटांचे काम! इतका किफायतशीर सौदा दुसरा सहसा सापडणार नाही. अर्थात यातला बराचसा गारवा हवेबरोबर समोरच्या खिडकीतून निघून जातो, आणि तो जाऊ देणे हीच या सौद्याची अट आहे.

ती अट अशी का? मे महिन्यातली ४४ अंशांची हवा विलक्षण कोरडी असते. तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली, तर तिला पाण्याची मोठी तहान असते. चांगल्या ताटीतून आलेली हीच हवा सुमारे २७ अंशांची होते, पण तिची आर्द्रता ७० टक्क्यांवर गेलेली असते. अंगावरून जाताना ती घाम वाळवू शकते, कारण तिच्यात अजून थोडी जागा शिल्लक असते. ती खोलीतच कोंडली, तर भिंतींची, माणसांची उष्णता आणि घामाचा ओलावा तिच्यात भरत जातो. वर नवी हवा आत यायलाही वाट उरत नाही, कारण भरलेल्या पोत्यात आणखी धान्य जात नाही. पंखा फिरतो, पण हवा पुढे सरकत नाही. ताटीतून जाणारी हवा घटते, म्हणून पाणी कमी उडते. त्या दिवशीच्या सात बादल्यांचे रहस्य एवढेच होते.

एसीचा मार्ग निराळा आहे. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, तिच्यातली उष्णता आणि काही ओलावा काढून बाहेरच्या यंत्रातून गल्लीत टाकतो. म्हणून त्याला बंद खोली हवी. कूलर बाहेरची हवा आत आणतो, म्हणून त्याला बाहेर जाण्याची वाट हवी. ती वाट कूलरच्या समोरच्या बाजूला असावी आणि कूलरच्या तोंडाएवढी तरी मोठी असावी, म्हणजे गार हवा माणसांवरून जाऊन मग बाहेर पडते. कूलरही खोलीच्या मध्यभागी न ठेवता खिडकीबाहेर, शक्यतो सावलीच्या बाजूला बसवलेला बरा. आपल्या भागात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर ठेवण्याची रीत आहे, ती याच कारणाने शहाणपणाची ठरते.

मग जूनअखेर तीनच बादल्या का लागतात? यासाठी एक साधा प्रयोग घरी करता येतो. दोन सारखे तापमापी घ्यावेत. एकाच्या टोकाला ओले मलमलचे फडके गुंडाळावे आणि दोन्ही पंख्यासमोर धरावेत. ओल्या फडक्याचा पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. ती त्या वेळच्या हवेची मर्यादा. नुसते पाणी उडवून त्या हवेला त्याहून गार करता येत नाही. कूलर कितीही महागाचा असो, तो या मर्यादेच्या खाली जात नाही. मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी ही मर्यादा यवतमाळात २२-२३ अंशांवर असते. म्हणजे उतरायला एकवीस-बावीस अंशांची वाट मोकळी. चांगला कूलर त्यातली तीन-चतुर्थांशाहून थोडी अधिक वाट कापतो आणि २७ अंशांवर येतो. मृगाचा पाऊस झाला, हवा ३२ अंशांची आणि आर्द्रता ७५ टक्क्यांची झाली, की तीच मर्यादा २८ अंशांवर चढते. उतरायला चारच अंश उरतात. कूलर तोच, ताटी तीच, पंखा तोच, पण हवेची तहानच भागलेली असते.

मुंबईला दिलेल्या लेकीकडे विदर्भातून हौसेने कूलर पाठवणाऱ्यांना हाच अनुभव येतो. तिकडे मे महिन्यातही हवा समुद्राच्या ओलाव्याने भरलेली असते. ३४ अंशांची हवा कूलरमधून जेमतेम २९-३० अंशांची होऊन येते आणि आर्द्रता नव्वदीच्या पुढे जाते. अंग चिकचिकते, कपडे दमट होतात आणि कूलर बिघडला अशी तक्रार होते. कूलर बिघडलेला नसतो. जो माल एका बाजारात हातोहात खपतो, त्याला दुसऱ्या बाजारात गिऱ्हाईक नसते, इतकेच.

ही युक्ती आजची नाही. अबुल फजलच्या 'ऐन-ई-अकबरी'त वाळ्याच्या मुळांपासून बांधलेल्या आणि पाणी शिंपडून गार ठेवलेल्या खसखान्याचा उल्लेख आहे. इंग्रजी अमदानीत बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि त्यांच्यावर पाणी मारण्यासाठी माणूस नेमलेला असे. वारा पडला तर ताटीचा उपयोग नाही, म्हणून पुढे लाकडी पेटीत हाताने फिरवायचा पंखा बसवून बाजूंना ओल्या ताट्या लावल्या गेल्या. थर्मॅन्टिडोट असे भारदस्त नाव असलेले ते यंत्र म्हणजे आजच्या कूलरचे आजोबाच. पंखा फिरवणाऱ्याची जागा मोटारने घेतली, पाणी मारणाऱ्याची पंपाने. अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात १९३० च्या दशकात विजेवर चालणारे असे कूलर घरोघरी पोहोचले. तिकडे त्याला स्वॅम्प कूलर, म्हणजे दलदलीचा कूलर, असे गमतीचे नाव आहे. दार लावून बसलेल्या नातवाला ते नाव पटकन पटले असते. आपल्याकडे अहमदाबादेत १९८८ साली सुरू झालेल्या सिंफनीने प्लॅस्टिकचा सुबक कूलर घराघरांत नेला. तरीही विदर्भात गल्लीतल्या कारागिराने पत्रा ठोकून बनवलेला मोठा कूलर आपली जागा टिकवून आहे.

ताट्यांचेही प्रकार आहेत. वाळा म्हणजे गवताची मुळे. तो सुगंधी आणि टिकाऊ, पण महाग. लाकडाचे तंतू स्वस्त असतात, मात्र ते दर वर्षी बदलावे लागतात, आणि दबले की मध्ये भगदाड पडते. त्या भगदाडातून हवा कोरडीच आत येते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घडण असलेल्या जाड कागदाच्या ताट्या महाग असल्या तरी काही वर्षे चालतात. कोणतीही ताटी असो, ती वरपासून खालपर्यंत सारखी भिजली पाहिजे. कोरडा राहिलेला प्रत्येक पट्टा म्हणजे खोलीत लू येण्याचे दार. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होते आणि ताटीवर पांढरी खपली धरते. म्हणून नुसती भर घालत न राहता टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी केली पाहिजे. ते पाणी अंगण-गच्ची धुवायला चालते.

पाण्याचा प्रश्न मात्र येथे संपत नाही. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे आजोबांच्या खोलीतला एक कूलर दिवसभरात दोन माणसांहून अधिक पाणी पितो. घरात तीन कूलर असतील, तर सहा-सात माणसांचे पाणी उडून जाते. नातवाने हा हिशेब केला तेव्हा त्याने अर्थातच विचारले, "मग एसीच का घेऊ नये? त्याला पाणी लागत नाही."

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना सुमारे दीड किलोवॅट वीज घेतो. दहा तासांत दहा-बारा युनिट सहज होतात, म्हणजे कूलरच्या पाच-सहापट. औष्णिक वीज तयार करायलाही पाणी लागतेच. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमाने जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली आहे. त्या हिशेबाने बारा युनिटांमागे चाळीसेक लिटर पाणी कुठल्यातरी धरणातून जाते. ते आपल्या नळातून जात नाही, म्हणून दिसत नाही. चंद्रपूरच्या वीज केंद्राला इरई धरणाचे पाणी लागते, आणि २०१० च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी तेथील संच बंद ठेवावे लागले होते, हे आपल्या भागातल्या अनेकांना आठवत असेल. पाणी एसीत कमी लागते हे खरे. वीज जास्त लागते आणि खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टाकली जाते, हेही खरे. आजारी माणूस असेल, श्वासाचा विकार असेल, किंवा पावसाळ्यातल्या घुसमटीच्या रात्री असतील, तर एसी हा उपाय आहे. कोरड्या मे महिन्यात, पाणी उपलब्ध असताना, कूलरच्या तोडीचा स्वस्त उपाय नाही.

त्या घराने मधला मार्ग काढला. दुपारी सगळी माणसे एकाच खोलीत बसू लागली, त्यामुळे तिनांऐवजी एकच कूलर चालतो. ताटी एकदा नीट भिजली की पंप थोडा वेळ बंद ठेवला तरी चालते. पहाटे बाहेरची हवाच पुरेशी गार असते, तेव्हा फक्त पंखा फिरतो. वहीतले आकडे घराच्या एकूण हिशेबात निम्म्यावर आले आणि कोणाची झोप मोडली नाही.

या घराचा आणखी एक नियम आजींनी घातला आहे. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेणे आणि जिवाणी जिथले तिथे पोहोचवणे, ही आपल्या घरांतली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण त्याच घरात खिडकीबाहेरच्या टाकीत पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते, त्यात डासांच्या अळ्या वळवळतात, आणि मग फवारणीचा डबा आणला जातो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ दिसणाऱ्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. आजी दर शनिवारी टाकी रिकामी करवतात, आतल्या कडा घासून घेतात आणि ती दिवसभर उन्हात कोरडी ठेवतात. पाणी भरण्याच्या तोंडावर फडके बांधलेले असते. जीव उपजू दिल्यावर मारण्यापेक्षा तो उपजणारच नाही अशी काळजी घ्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे.

आजोबांचा नियम विजेचा आहे. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप आणि भरणाऱ्याचे ओले अनवाणी पाय, याहून धोक्याची जुळणी घरात दुसरी नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुले असतात, दुकानात कामाला आलेली पोरे असतात. म्हणून कूलर तीन पिनांच्या प्लगवरच चालावा, अर्थिंग उन्हाळ्याआधी तपासलेले असावे आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच मुख्य फळ्यावर असावा. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढायचा. नुसत्या बटणावर विसंबायचे नाही. नोकराला पाणी भरायला सांगताना मालकाने स्वतः उठून प्लग काढावा, हे त्या घरात ठरलेले आहे. कूलरचे काही हजार रुपये आणि स्विचचे थोडेसे रुपये यांच्या हिशेबात माणसाचा जीव बसत नाही.

नातू सुट्टी संपवून पुण्याला परतला. जाण्यापूर्वी त्याने वहीत एक नवा रकाना आखून दिला. बादल्यांच्या शेजारी रोजचे तापमान आणि ओल्या फडक्याचा आकडा. आजोबा ते दोन्ही तापमापी रोज दुपारी दोन वाजता पाहतात. दोघांमधले अंतर वीस अंशांच्या पुढे असले की त्या दिवशी बादल्या जास्त लागणार, हे ते आधीच सांगतात. अंतर पाच अंशांवर आले की कूलर पुसून, टाकी कोरडी करून, चादरीत गुंडाळून ठेवायला सांगतात. बहुधा तेव्हा आषाढ लागलेला असतो आणि गल्लीत चातुर्मासाची तयारी सुरू झालेली असते.

त्या दुपारनंतर खोलीचे गच्चीकडचे दार कोणी लावत नाही. वाऱ्याने आपटू नये म्हणून आजींनी त्याला धान्याचे जुने पाच किलोचे वजन लावून ठेवले आहे.